बोट तुटलेली देवी

गुरुवार, करामा, दुबई

काय तोंड दाखवू लिनला? उद्या सकाळी ती चीनहून उतरते आणि थेट इथे येऊन तिची देवी नेणार आहे. आणि देवी घरात नाही.

लिन ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाला बसते. फ्लॅट बदलताना धक्का लागायला नको म्हणून तिच्या गेलेल्या आईची पांढरीशुभ्र, चिनी मातीची क्वान-यिन देवी तिने डब्यात घालून माझ्याकडे सोपवली होती. एक बोट तुटलेलं, बाकी कशी सायीसारखी! मी कौतुकाने टीव्हीशेजारी मांडली. डब्यातच का नाही राहू दिली?

आज घरी आले तर जागा रिकामी. लेकीने मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं, "आजी पुट हर इन द सी, मम्मा."

सासूबाई शांत. "अगं, बोट तुटलेलं होतं. खंडित मूर्ती घरात ठेवतात का? हळदकुंकू वाहिलं, साखर ठेवली आणि समुद्रात सोडून आले. तुमच्याच भल्यासाठी ना?"

त्यांच्यावर ओरडू तरी कशी? माहेरी मीही हेच पाहत आले. मग ते तुटलेलं बोट रोज दिसत असून सासूबाई असं करतील हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

तशीच टॅक्सीने ममझारच्या किनाऱ्यावर, त्यांनी सोडली तिथे गेले. गुडघाभर पाण्यात पायांनी वाळू चाचपली. काही नाही. तसलीच दुसरी आणून ठेवू? लिन ओळखेल. बोटावरूनच ओळखेल.

आत्ता तिचा रिकामा डबा आवरायला घेतला. तळाशी कापूस होता. कापसात जपून गुंडाळलेलं ते बोट.