शिशावरचा एकच ठसा

मामा, काल दुकानात तुमचा विषय निघाला आणि मी गप्प राहिले. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायचं म्हणजे कसंतरीच, त्यात तुम्हाला जाऊन तीस वर्षं झालेली आणि माझी शाळा चौथीपर्यंत. पण तोंडानं सांगायला गेले की दुसरंच काहीतरी बोलून जाते. म्हणून पोराच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडली आणि दुपारच्याला माळवदावर येऊन बसले.

दुकान आता तुमचा नातू चालवतो. तेच दुकान, तुळजापुरातलं, सोलापूर रस्त्यावरचं, वरचे पत्रे तेवढे नवे. हल्ली पोरांना जुन्या जीपगाड्यांना टर्बो बसवायचं खूळ लागलंय. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा एक पंखा. तुम्ही असता तर दिवसभर तो हातात घेऊन फिरवत बसला असता. काल अशीच एक जीप आली. टर्बो बसवलेला, पण चढाला गाडी ओढत नव्हती. आपला पोरगा म्हणाला, डिझेलचा पंपच कमी पडतोय, मोठा बसवावा लागंल. गाडीवाला कुरकुरायला लागला. त्याला म्हणे कुणी सांगितलं होतं की नुसता इस्क्रू फिरवला की भागतंय. मी बाजूला बसून डब्यातले नटबोल्ट निवडत होते. मला कुठं राहवतंय? म्हणाले, "अहो, हवा किती आन् डिझेल किती, ह्याचा मेळ पायजे. हवा वाढवलीय ना, मग पंप बी तेवढा घाला. जुन्याला पिळून काय निघणार हाय?"

"मावशी, तुम्हाला बरं ठाऊक!" गाडीवाला म्हणाला. त्याच्याबरोबर त्याचा म्हातारा चुलता आला होता, पूर्वी दूध संघात कामाला असलेला. तो तंबाखू मळता मळता म्हणाला, "ठाऊक नसायला काय झालं? हिच्या सासऱ्यानंच तर संघाचा ट्रक जाळला. डिझेल वाढवलं मिस्त्रीनं आन् पाच गावं तहानलेली ठेवली." सगळे हसले. पोराचा हात पान्यावरच थांबला. मी उठून चहा टाकायला आत गेले आणि साखर दोनदा घातली. ती माणसं गेल्यावर पोरानं विचारलं, "आई, आजोबांनी खरंच केलं होतं का तसं?" मी म्हणाले, "जुनं कशाला उकरतोस? काम कर." एवढंच बोलले मी. तुमच्या दुकानात बसून, तुमच्याकडून शिकलेली अक्कल पाजळून, वर एवढंच.

मी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते. तुमच्या लेकाला कारखान्यात नोकरी लागलेली, त्याला डिझेलचा वास सोसत नव्हता. तुमच्या हाताखाली कुणी नव्हतं. एक दिवस तुम्ही माझ्याकडं न बघता, भिंतीला सांगितल्यागत म्हणालात, "एवढं पंपाचं सामान धुऊन दिलं तर बरं होईल." मी डोक्यावरून पदर घेऊन परातीत डिझेल ओतलं आणि धुवायला बसले. पंपातला धुतलेला दांडा पदरानं पुसला, भांडं पुसतात तसा. तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! "पदर लावू नको त्याला!" मला वाटलं, सुनेच्या पदराचा विटाळ मानतात की काय. दोन दिवस मी फुगून होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला उन्हात नेलंत, दांडा त्याच्या नळीत सोडलात. तो आपल्या वजनानं सावकाश खाली उतरत गेला. मग त्याच्यावर कापसाचा एक धागा ठेवून पुन्हा सोडलात, तर तो मधेच अडकला. "बघितलंस? केसाएवढी बी जागा न्हाय ह्यात. डिझेलात धुवायचं आन् तसंच ओलं बसवायचं. तुला घाई लई." तेव्हापासून मी कधी काही पुसलं नाही. घाई मात्र गेली नाही.

पुढं तुम्ही मला सगळंच दाखवलंत. पंपाच्या मागच्या अंगाला एक इस्क्रू असतो. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल जायचं ते तो ठरवतो. तुम्ही तो बेतानं लावायचात, मग त्यातून तार ओवायची, तारेला शिशाची गोळी, आणि ती पकडीनं दाबायची. पकडीच्या तोंडात तुमच्या आडनावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. ते अक्षर शिशावर उठलं की ते काम तुमचं. ड्रायव्हर लोक दुसऱ्याला सांगायचे, मिस्त्रीचं सील हाय, बघायला नको. एका संक्रांतीला तुम्ही ती पकड माझ्यापुढं ठेवलीत. "ही तू ठेव. माझ्यापाशी असली की कुणीतरी चहा पाजून म्हणतंय, मिस्त्री, जरा वाढवून द्या. तुझ्यापाशी मागायला कोण येतंय?" बाकीच्या बायकांना त्या दिवशी बांगड्या मिळाल्या होत्या. मी पकड कमरेला लावून घरभर मिरवले.

मागायला आलाच की एक जण. त्या साली पाऊस नव्हता, जनावरं छावणीत गेलेली, दुधाचं नाव नाही. म्हणून संघानं आपल्या ट्रकवर टाकी बसवून पाण्याला लावला होता. घाटाखालच्या विहिरीवर टाकी भरायची आणि वरच्या पाच गावांना द्यायची. त्यात माझं माहेर शेवटचं. भरलेला ट्रक घाट चढताना मुंगीसारखा चालायचा, दिवसाला एकच खेप व्हायची, म्हणजे माहेराला पाचव्या दिवशी पाणी. ड्रायव्हर तुमच्यापुढं येऊन गयावया करायला लागला, "मिस्त्री, थोडं डिझेल वाढवा, दोन खेपा मारतो." मी उंबऱ्यात उभी आहे, तुम्ही कानशिलावरची पेन्सिल काढून जमिनीवर रेघ ओढताय. "हे इंजिन हवा एवढीच घेतंय. त्याला जेवढी हवा, तेवढंच डिझेल. वर ओतलेलं नुसतं धूर करंल आन् आग करंल. गावाला पाणी पोचवायचंय ना? मग हळू जा." ड्रायव्हर माझ्याकडं बघून निघून गेला.

चार दिवसांनी तेरला तुमच्या बहिणीकडं कोणी वारलं म्हणून तुम्ही गेलात. त्याच सकाळी माहेरचा माणूस निरोप घेऊन आला. आई गुडघा धरून कोसभर खाली पाण्याला जाती, काल घागरीसकट पडली. तो माणूस ओट्यावर बसलेला असतानाच ट्रक दारात आला. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला येतंय सगळं, म्या बघितलंय. दुसरी खेप रोज तुमच्या माहेराला. देवीशप्पथ." मी इचार केला असं म्हणणार नाही. इचार केलाच नाही. मी तार तोडली, इस्क्रू अर्धा फिरवला. ड्रायव्हरनं गाडी रेटून बघितली, म्हणाला, अजून जरा. मी आणखी अर्धा फिरवला. नवी तार ओवली, गोळी दाबली आणि पदरानं हात पुसले. ट्रक काळा धूर सोडत असा गेला की समोरची लॉज दिसेना. मला हसू आलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्याडपणा सुचतोय नुसता.

तीन दिवस माहेराला पाणी मिळालं. आईनं सांगावा धाडला, लेकीनं पाणी पाठवलं. चौथ्या दिवशी घाटात, भरल्या टाकीनिशी, इंजिन जाम झालं. पिस्टन वितळला होता. बातमी कळली तशी खालच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन पळाल्या आणि तासाभरात टाकी रिकामी झाली. वरच्या पाच गावांना त्यानंतर पंधरा दिवस टँकर नव्हता. माझी आई पुन्हा गुडघा धरून खाली उतरायला लागली, बाकीच्यांच्या आयाही.

तुम्ही तेरहून परतल्यावर संघाचे दोघं पंप घेऊन दुकानात आले. ड्रायव्हर मागं मान खाली घालून उभा. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर त्याचीही नोकरी गेली असती. "मिस्त्री, हे सील कुणाचं?" तुम्ही चष्मा वर करून गोळी उजेडाला धरली. इकडून बघितली, तिकडून बघितली. मी हातात चहाचं ताट घेऊन दारात. तुम्ही एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. म्हणालात, "माझंच हाय."

"म्हणजे डिझेल तुम्हीच वाढवलं?"

"सील माझं म्हणल्यावर काम बी माझंच की."

मला केवढं हलकं वाटलं, मामा. खोटं लिहीत नाही. मी सुटले, एवढंच डोक्यात आलं. म्हाताऱ्याला कळलं नाही, नजर गेलीय, असं मी स्वतःला सांगितलं आणि चहा दिला.

संघाचं काम गेलं, मग ट्रकवाले गेले, मग ट्रॅक्टरवाले. नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं सांगणारा माणूस यात्रेकरूंच्या लॉजचे रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करायला लागला. पिना घालायच्या, वायसर बदलायचे. रस्त्यानं जाणारा एखादा ड्रायव्हर ओरडायचा, "मिस्त्री, स्टोव्हचं डिझेल वाढवू नका बरं का!" तुम्ही मान वर करायचा नाहीत. मी आतून ऐकायची आणि भाकरी जोरात थापायची. चार वर्षं तशी गेली, मग तुम्ही गेलात. एकदाही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. रोज वाटायचं, आज सांगते, आणि रोज काहीतरी काम निघायचं. मला, जी दुसऱ्याच्या तोंडावर काय वाट्टेल ते बोलते, तिला.

आता एक सांगते, मग पुरं. तुम्ही गेल्यावर तुमचा पत्र्याचा डबा आवरताना त्यात जुनी तोडलेली सीलं निघाली, मूठभर. मी एकेक बघत बसले. प्रत्येक गोळीवर अक्षर दोन वेळा होतं, एक सरळ आणि एक आडवं. तुम्ही एकदा दाबून, मनगट फिरवून, पुन्हा दाबायचात. मी शंभरदा बघितलं होतं आणि माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्या दिवशी एकदाच दाबलं होतं. तुम्ही गोळी इकडून तिकडून बघितलीत ती दुसरा ठसा शोधायला.

संघाची माणसं गेल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "पकड आण." मी म्हणाले, "सापडंना, कुठं पडली की." तुम्ही बरं म्हणालात आणि पुन्हा कधी मागितली नाहीत. मामा, पकड हरवली नव्हती. माझ्या पेटीत लग्नाच्या शालूखाली होती. आत्ता मांडीवर आहे. खाली पोरगा जीपचा नवा पंप बसवतोय, आणि हाक मारून विचारतोय की आई, आपल्याकडं सीलची पकड होती का कधी. मी अजून ओ दिलेली नाही.