बोन-दर्शन, विनामूल्य

३ सप्टेंबर
सोलांज जूनपासून दिजोंला बहिणीकडे आहे. हवापालट. आमच्या बोन गावची हवा दिजोंपेक्षा शंभर पटींनी चांगली, हे मी तिला दारातच सांगितलं होतं. तर म्हणाली, "लोक जगाच्या टोकावरून हे गाव बघायला येतात, आणि लग्न झाल्यापासून तू मला कोपऱ्यावरच्या चौकातसुद्धा नेलं नाहीस." साफ खोटं. दातांच्या डॉक्टरकडे दोनदा नेलंय.
असो. संकल्प: उद्यापासून प्रवाशांना गाव फुकट दाखवायचं. नाव होईल, तिच्या कानावर जाईल, आणि द्राक्षांची तोडणी संपायच्या आत बाईसाहेब घरी.

४ सप्टेंबर
जाग उशिरा आली. शिवाय पाऊस. (नंतर कळलं, नव्हता.) उद्या नक्की.

७ सप्टेंबर, सकाळ
चौकात छत्री उंच धरून उभा राहिलो. गाईड लोक अशीच धरतात. एका बाईनं छत्री केवढ्याला दिली म्हणून विचारलं. कॅफेवाली मदाम त्युर्पां आतून ओरडली, "अहो लेऑन्स, मिटा ती! ऊन पडलंय!" माणसाचं चांगलं चाललेलं बघवत नाही लोकांना.

९ सप्टेंबर
पहिलं गिऱ्हाईक! बेल्जियमचं जोडपं. तटावरून फिरवलं. तट कधी बांधला ते ऐन वेळी आठवेना, म्हणून एक साल ठणकावून सांगितलं. नवऱ्यानं लगेच फोनमध्ये पाहिलं. काहींना घरचं वळणच नसतं. मग जुन्या इस्पितळाचं (आता तिथे संग्रहालय आहे) रंगीत कौलांचं छप्पर दाखवायला आडवाटेनं नेलं, ते निघालो टायरच्या दुकानामागे. न डगमगता म्हटलं, "गावाची ही बाजू सामान्य प्रवाशांना दिसत नाही." बाईंनी चपला हातात घेतल्या होत्या. टॅक्सीतून नवऱ्यानं हात केला. निरोपाचाच असावा.
एकंदरीत: यश.

१५ सप्टेंबर
आर्मांच्या तळघरात चार जर्मन नेले. आर्मां म्हणजे वाइनच्या पेढीतला माझा जुना सहकारी. मी तिथे जन्मभर कारकुनी केली, त्यामुळे चव रक्तातच. अंधारात हाताला लागला तो ग्लास उचलला, फिरवला, हुंगला, आणि डोळे मिटून म्हणालो, "काळी बोरं... जुनं चामडं... आणि शेवटी किंचित विरह." आर्मां कानाशी लागला, "गाढवा, ते ग्लास विसळलेलं पाणी आहे." मी म्हटलं, माहीत होतं, पाहुण्यांची परीक्षा घेत होतो. एका जर्मनानं मान डोलावून विरह आपल्यालाही लागला म्हणून सांगितलं. निघताना आर्मां म्हणाला, पुढच्या वेळी एकटाच ये. मग जरा विचार करून म्हणाला, नाहीतर नकोच येऊस.
उद्यापासून फक्त इमारती.

२१ सप्टेंबर
सोलांजचा फोन! म्हटलं, गावभर माझीच चर्चा आहे. म्हणाली, "हो, मदाम त्युर्पांनं कळवलं." मग, "शनिवारी येते. बोलायचंय."
जिंकलो. अशी गोष्ट बायका फोनवर कबूल करत नाहीत, समोर येऊनच सांगतात.
शनिवारपर्यंत: घर झाडणे. दाढी. खरा इतिहास पाठ करणे.

२४ सप्टेंबर
दाढी केली. इतिहास फार मोठा आहे. घर उद्या.

२६ सप्टेंबर, शनिवार
सकाळपासून वाइनमध्ये बीफ शिजत ठेवलं. तळाला थोडं लागलं, पण वरचं उत्तम.
सोलांज आली. केस आखूड केलेत. स्टेशनपासूनच गाव दाखवायला सुरुवात केली मी. तिनं एकदाही अडवलं नाही. इस्पितळाची तिकिटं आधीच काढली होती. अंगणात ती छपराकडे मान वर करून बघतच राहिली. आत लांबलचक दालनात रांगेनं खाटा, लाल पडदे. मी हलक्या आवाजात सांगत होतो आणि, आश्चर्य म्हणजे, चुकत नव्हतो.
बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "आवडलं. अगदी मनापासून आवडलं. हे तुला आधी का नाही रे सुचलं?"
म्हटलं, तिकिटाला रांग फार असते.
ती हसली. मग म्हणाली, "मी दिजोंला घर घेतलंय. भाड्याचं. एकच खोली आहे, पण ऊन येतं."
म्हटलं, ऊन आपल्याकडेही येतं.
"येतं ना. तू उठायच्या आत येऊन जातं."
जेवायला थांबली नाही. हिवाळी कोट घेतला, शिवणयंत्र घेतलं. यंत्र मीच उचललं स्टेशनपर्यंत. वाटेत तिला जुनी वेस दाखवली. "माहीत आहे," म्हणाली. गाडी वेळेवर आली. एरवी कधी येत नाही.

२७ सप्टेंबर
काही नाही.

३० सप्टेंबर
दुपारी दाराच्या पायरीवर बसलो होतो. एक स्पॅनिश कुटुंब वाट चुकून आमच्या गल्लीत आलं. आजोबांनी अदबीनं टोपी काढून विचारलं, या गावात बघण्यासारखं काय आहे?
म्हटलं, काही कल्पना नाही हो. मी इथलाच आहे.