कालवणाचा वाटा

६ नोव्हेंबर, सांगली
धरणाच्या काठी रंगुबाईंनी पितळीत वाढलेलं ते पहिलं कालवण आज सारखं आठवतंय. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मधू काटे काढून मासा माझ्या भाकरीवर ठेवत होता. त्याच मुक्कामात त्यानं गणित मांडायला घेतलं — कटला, रोहू, झिंगे, बारीक मासळी. कुठली किती धरली तर पुढच्या वर्षी सगळी उरतील आणि भोयांची घरंही चालतील.

आता आमचा शौनक तेच गणित ‘सुधारून’ सरकारला देतोय. अहवाल आज वाचला. बारीक जाळ्यांना कायमची बंदी, कारण त्यांत कटल्याची पिल्लं सापडतात. आणि बारीक मासळीची किंमत — शून्य!

मच्छीमार सोसायटीच्या वजनकाट्यावर मासळी जाण्याआधी प्रत्येक नावेतून बारीक मासळीचा, कालवणाचा वाटा निघतो. ज्या घरी नाव नाही, त्या घरालाही. तो विकत नाहीत, म्हणून त्याची पावती नाही. मधूनं घरोघरी पातेली तोलून तो गणितात घेतला होता. पोरानं खोडला.

७ नोव्हेंबर
फोन केला. “आई, ज्याला भाव नाही ते कसं धरू? कटला वाढला की उत्पन्न वाढेल. मग घेतील विकत.”

विकत! उत्पन्न वाढणार नाववाल्यांचं. रंगुबाईंकडे नाव कुठाय?

वर म्हणतो, “बाबांचंच मॉडेल आहे.” मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये आवाज चढवणं हा गुन्हा होता. आज चढवला.

९ नोव्हेंबर
धरणावर जाऊन आले. रंगुबाई थकल्यात, जीभ तशीच. “आवं बाई, तुमचा ल्योक आलता. च्या घेतला, कालवान नगं म्हनला. काटं असत्यात म्हनं.” मग हळूच, “जाळी बंद झाल्यावं आमी कोरडी भाकरी खायाची व्हय?”



१० नोव्हेंबर
लहानपणी त्याचेही काटे मधूच काढायचा. राग तरी उतरत नाही.

१२ नोव्हेंबर
परवा साताऱ्यात अहवालावर सुनावणी. पत्र लिहिलं — मधूचं गणित आणि नाव अहवालातून काढा, त्याच्या माघारी हक्क माझ्याकडे आहेत. त्याशिवाय अहवाल उभा राहत नाही. शौनकचं हे पहिलं मोठं काम.

एक प्रत मत्स्य कार्यालयाला. एक सोसायटीचे चेअरमन भाऊसोंना. शौनक उद्या घरी येतोय. त्याची सगळ्यांच्या आधी, माझ्या हातानं — तो जेवल्यावर.