उंदरांचं नाव सांगून झोपू नकोस, मामा

भिंगार, गुरुवार

...आणि म्हणूनच त्या उंदरांचा निकाल चुकीचा आहे, असं मी सांगत होते तेवढ्यात तू फोन ठेवलास. उरलेलं वाक्य आता पोस्टाने पाठवतेय, कारण पत्र मध्येच कट करता येत नाही. (फाडता येतं, पण मामीला आधीच सावध केलंय.)

ती. दत्तूमामास मनवाचा साष्टांग नमस्कार. हे सगळ्यात वर लिहायचं असतं म्हणे, पण आमच्या शाळेत फक्त प्रिन्सिपलला सुट्टीचा अर्ज लिहायला शिकवलं, आणि त्यात साष्टांग नव्हतं. तर, तुझी तब्येत कशी आहे? विचारायची पद्धत म्हणून विचारलं. मामीने सकाळीच सगळं सांगितलंय. डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर म्हटलं, गोळ्या दिल्या, रोज हळूहळू चाला म्हणून बजावलं. तू आठवडाभर चाललास, आणि आता संगमनेरभर सांगत सुटलायस की आमच्या मनवाच्या लॅबमध्ये सिद्ध झालंय, हृदयाला विश्रांतीच लागते. सांगत सुटलायस म्हणजे दिवाणावर पडून, येणाऱ्याजाणाऱ्याला! परत धाप लागायला लागली तरी ऐकत नाहीस. मामी म्हणते, ह्यांना काही झालं तर मी तुझ्या उंदरांना धरणार.

तर ऐक. आमच्या उंदरांना एक औषध देऊन त्यांचं हृदय आधी कमजोर करतात. (मला पण पहिल्या दिवशी रडू आलं होतं.) मग अर्धे उंदीर रोज छोट्याशा ट्रेडमिलवर चालतात, अर्धे नुसते आराम करतात, आणि शेवटी सगळ्यांची सोनोग्राफी करून बघायचं की कोण जास्त सुधारलं. चिंचोक्याएवढं हृदय असतं मामा, पण स्क्रीनवर इतकं शहाण्यासारखं धडधडतं! तर सोनोग्राफी केली आणि काय, आराम करणारे चालणाऱ्यांइतकेच टकाटक! मला वाटलं, मी जगाला हादरवणार. मैत्रेयी मॅडमना (त्या माझ्या गाईड, मुंबईच्या, फार कडक) सांगायच्या आधी तुला फोन केला. तू 'शाब्बास' म्हणालास आणि चालायचे बूट शेजारच्या वरदला देऊन टाकलेस.

मॅडम मात्र शाब्बास म्हणाल्या नाहीत. त्यांनी आराम गटातला एक उंदीर उचलून ट्रेडमिलवर ठेवला. त्याने बिचाऱ्याने ट्रेडमिल जन्मात बघितलेली नसायला हवी ना? पण तो पठ्ठ्या मशीन चालू व्हायच्या आधीच पोझिशन घेऊन उभा, आणि मागे वळून बघतोय की चला, बटण दाबा! दुसरा ठेवला, तोही तसाच. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी सहादेवकडे बघितलं. सहादेव म्हणजे आमच्या पिंजऱ्यांचं सगळं बघतो तो, शेवगावकडचा. सकाळी उंदीर चालवायचं काम त्याचं. मी तेव्हा झोपलेली असते. (आईला सांगू नकोस.)

सहादेव अगदी शांतपणे म्हणाला, "व्हय, मीच पाळी लावली. रोज त्याच उंदरांनी पळायचं आन् बाकीच्यांनी लोळायचं, ह्यो कुठला न्याय? आज हेडचे पिंजरे, उद्या टेलचे. आमच्याकडं पाटाचं पानी असंच येतंय." आणि वर मलाच, "ताई, आमचं गाव टेलला हाय. टेलवाल्यांवर अन्याय झाल्याला मला बघवत न्हाई." मॅडमना वाटलं हेड आणि टेल म्हणजे उंदराचं डोकं आणि शेपूट, त्या वाकून शेपट्याच तपासायला लागल्या. कालव्याच्या तोंडाशी हेड आणि शेवटाला टेल, हे मुंबईच्या माणसाला कुठून कळणार? मी समजावून सांगायला गेले तर पाणी, पाट, उंदीर सगळं एकत्र झालं आणि मॅडमनी विचारलं की लॅबमध्ये गळती कुठे आहे.

तर मामा, मुद्दा कळला का? आमच्याकडे झोपून बरा झालेला उंदीर एकही नाही! सगळे एक दिवसाआड चाललेत. तू ज्यांच्या जिवावर दिवाणावर पडलायस, ते सगळे चालून आलेले आहेत. (यावरून चालूनच बरं होतं हेही सिद्ध होत नाही, असं मॅडम म्हणतात. मामी, हा कंस वाचून दाखवू नकोस.) पण तुझ्या डॉक्टरांना आमच्या उंदरांची गरज नाही, त्यांनी माणसं बघितलीत. त्यांना धापेचं आजच्या आज सांग, आणि ते म्हणतील तेवढंच चाल. खरं सांगू? स्क्रीनवर एखादा ठोका मंद दिसला की मला उगाच तूच आठवतोस.

मामीला नमस्कार. वरदकडून बूट परत घे.

तुझी भाची,
मनवा

ता. क. भिंगारचा भेळभत्ता मागितला होतास. घेतला होता, पण तुला मीठ बंद आहे हे एसटी स्टँडवर आठवलं. छान होता.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. मॅडम सहादेवला काढायचं म्हणतायत. महिनाअखेरीला मीटिंग आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारी मी एकटी. माझं बोलणं कसं असतं ते वर वाचलंसच. तू इरिगेशनमध्ये जन्मभर पाण्याच्या पाळ्या लावल्यास, टेलच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्यास. तुझ्यासारखं मॅडमना कोण समजावणार? फक्त कॉलेजात रिक्षा आत सोडत नाहीत, गेटपासून लॅबपर्यंत चांगलं लांब चालत यावं लागतं. म्हणजे डॉक्टरांना विचारून आत्तापासूनच सवय करावी लागेल. येशील ना? आणि येण्याआधी एवढं कळव: सहादेवचं खरंच चुकलं का रे?