रिकाम्या खोलीचं चित्र

प्रिय बारके,

पत्र बघून घाबरू नकोस. रविवारी फोनवर इतकं बोलणं झाल्यावर ताईने पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल आणि तू आधी शेवट वाचशील. गोष्टीच्या पुस्तकांचंही तू लहानपणापासून तेच करत आलीस. या वेळी मात्र कृपा करून सुरुवातीपासून वाच.

दुकान बरं चाललंय. हल्ली गिऱ्हाइकाला ताग्यावरून पडदा दिसत नाही, त्याला आधी चित्र लागतं. म्हणून आपल्या शेजारच्या मोबाइल दुरुस्त करणारीने माझ्या फोनवर चित्रं काढणारं एक ॲप घालून दिलं. आपण शब्दांत सांगायचं आणि त्याने चित्र काढायचं. मला वाटलं, जन्मभर पडदेच शिवले, हा तर माझ्या हातचा मळ. कसलं काय! 'जाड पडदे' लिहिलं तर नाटकाच्या रंगमंचावर असतात तसले लाल मखमली पडदे आले. दातांच्या डॉक्टरांसाठी 'दातांच्या दवाखान्याच्या खिडकीला निळे पडदे' असं लिहिलं, तर निळ्या कापडावर ओळीने दाढा छापलेल्या. डॉक्टरांना ते इतकं आवडलं की तसंच कापड हवं म्हणून हटून बसले. आता दाढांचं कापड मी कुठून पैदा करू?

हळूहळू मला त्याची नाडी सापडली. 'सुंदर' म्हणून भागत नाही. सुंदर म्हटलं की ते सगळंच सोनेरी करून टाकतं. कापड कोणतं, चुण्या किती दाट, ऊन कुठल्या बाजूने, खालची दुमड जमिनीला टेकते की वर राहते, असं नेमकं सांगितलं की शहाण्यासारखं ऐकतं. तू कात्री घेऊन बसायचीस तेव्हा तुला सांगावं लागायचं ना, अगदी तसंच. फरक इतकाच की ते उलट बोलत नाही. सुरुवातीला त्याचं बरं वाटलं, आता वाटत नाही.

मापं घ्यायला मी एकटीच जाते. टेपचं वरचं टोक चिकटपट्टीने चौकटीला लावायचं आणि खालचं आपण धरायचं, अशी युक्ती काढली आहे. पण चिकटपट्टी सुटते आणि टेप डोक्यावर येऊन पडते. मग माझ्या तोंडून जातं, बारके, धर की नीट! तेही चांगलं मोठ्याने. परवा एका बाईंनी विचारलं, बारकी कोण? मी म्हटलं, टेपचं नाव आहे. त्या बिचाऱ्या टेपकडे वाकून बघायला लागल्या.

आता तुझ्या खोलीचं सांगते. लग्न होऊन निघताना तू म्हणाली होतीस, ताई, खोली भाड्याने दे, घरात कुणाची तरी जाग राहील. तुझं म्हणणं खरं आहे. एक परिचारिका विचारायला आली, स्वभावाने गोड वाटली. खोलीचा फोटो पाठवा म्हणाली. फोटो काढायचा म्हणजे आधी खोली आवरायला हवी. मी पदर खोचून गेले. तुझी उशी उचलली आणि परत होती तिथे ठेवली. दुसऱ्या खेपेला खुर्चीवरचा तुझा करडा स्वेटर घडी करायला घेतला आणि अंगात घालून दुकानात गेले. मग मी डोकं चालवलं. खोली रिकामी करत बसण्यापेक्षा रिकाम्या खोलीचं चित्रच का पाठवू नये?

म्हणून लिहिलं, 'लहान खोली, खिडकीपाशी खुर्ची, खोलीत कोणी नाही.' चित्र आलं, तर खुर्चीत एक बाई. मी लिहिलं, 'खुर्चीत बाई नको.' तर दोन बायका. मी चिडून लिहिलं, 'बाई बिलकुल नको, उशी नको, स्वेटर नको.' तर स्वेटर घातलेली बाई, मांडीवर उशी घेऊन, माझ्याकडेच बघत बसलेली. माझ्या अंगावर काटा आला गं. हसूही आलं. आणि मग मला एक वेडच लागलं. ही बाई जातच नाही, तर निदान ती तू असावीस. 'पन्नाशी ओलांडलेली, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी, एक पाय दुमडून बसलेली' असं लिहीत गेले. शब्द बदलत गेले आणि कितीतरी बायका येऊन गेल्या. एकीच्या डोक्यावरही चष्मा आणि नाकावरही. एकीला तीन पाय होते, पण बसायची ढब हुबेहूब तुझी होती. ते चित्र मी जपून ठेवलं आहे.

शेवटी त्या मोबाइलवाल्या शेजारणीला विचारलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, ताई, त्याला 'नको' कळत नाही. ज्याचं नाव घ्याल तेच ते आणून बसवतं. जे नाही त्याचं नावच काढू नका, जे आहे तेवढंच लिहा. तिथल्या तिथे मी लिहिलं, 'पांढऱ्या भिंती, उघडी खिडकी, लाकडी खुर्ची, सकाळचं ऊन.' पहिल्याच फटक्यात आली खोली. स्वच्छ, हवेशीर, रिकामी. मला हवी होती अगदी तशी. मला ती बघवेना. मी फोन पालथा घातला आणि अस्तराला टाके घालत बसले. परिचारिकेला चित्र अजून पाठवलेलं नाही.

बारके, दर रविवारी मी तुला फोनवर काय सांगते? मला एकटं वाटत नाही, कंटाळा येत नाही, काळजी करू नकोस, मेहुण्यांना सोडून धावत येऊ नकोस. त्या यंत्राने हे ऐकलं असतं तर एकटेपणाच आणून समोर बसवला असता. तू मात्र ताईचा शब्द खरा मानतेस आणि सुखाने फोन ठेवतेस. म्हणून आज जे आहे तेवढंच लिहिते. मला तुझी फार आठवण येते. स्वयंपाक अजून दोघींचा होतो. खोली तू सोडून गेलीस तशीच आहे, ती आवरायला मला तू हवी आहेस. आठ दिवस ये. मेहुण्यांनाही आण, उंच आहेत, टेप धरतील. दोघी मिळून खोली आवरू आणि किल्ली त्या परिचारिकेच्या हातात तूच दे. उघडी खिडकी, दोन खुर्च्या, दोन कप चहा, आणि तू. आणि एवढं सांगूनही शेवट आधी वाचून मोकळी झाली असशील, तर बॅग भरायला घे, उरलेलं पत्र गाडीत वाच.

तुझीच,
टेपचं खालचं टोक धरून उभी असलेली,
ताई