डोहाच्या तळाची वाम

८ नोव्हेंबर

आज पण रिकाम्या हाताने आलो! गांडूळ लावायचं, दोरी डोहात सोडायची, आणि ते तळाला टेकायच्या आधीच चिलापीच्या पिल्लांनी गळ साफ. बोटाएवढी मासळी. खाल्ली तर नुसते काटे. आणि ती सापासारखी लांब वाम बसलेली तळाला, दगडाच्या कपारीत. तिच्यापर्यंत काही पोचतच नाही.

वाम मिळायलाच पाहिजे. सून दिपा माहेराहून, ओव्याहून परत आली आहे. मांडीवर दोन महिन्यांची रूपा. पोरगी सारखी दूध मागते आणि आईच्या अंगात जीव नाही. वामीच्या कालवणाने बाळंतीण उभी राहते, असं माझी आई म्हणायची. बाजारात मिळते, पण बर्फातली. ती कधीची असेल देव जाणे!

रूपेशने कामावरून आल्या आल्या विचारलं, "बाबा, नातीला घेतलंत की नाय अजून?" म्हटलं, हाताला गांडुळाचा वास येतो. उद्या घेतो.

९ नोव्हेंबर

इथेच लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. सकाळी चहाची बशी हलली, चहा सांडला. कुणी पाहिलं नाही. मग कप परत परत उचलून बघितला. भरला की हलतो. रिकामा असला तरी हलतो, पण कमी.

दोरी धरून बसतो त्याचं असेल. बारक्यांचे टुक टुक झटके बोटाला बसत राहतात, तेच हातात उरतात. पिठाच्या गिरणीवाल्याच्या कानात घरघर उरते तसं. तसंच असणार.

माझ्या बाचाही हात हलायचा. शेवटी शेवटी घास तोंडात जायच्या आधी अंगावर पडायचा — नको. हे लिहायचं नव्हतं.

असल्या हातात पोरगी कशी घेऊ? पडली तर?

११ नोव्हेंबर

सुदाम आला डोहावर. लहानपणापासून आम्ही दोघे गाढी नदीच्या याच डोहात मासे मारतो. वीटभट्टीवर पण बरोबरच होतो. माझा गळ बघून हसला. "गांडूळ लावतोस म्हंजे बारक्यांना पंगतीचं आवतन दिलंस! कोंबडीची आतडी लाव. दोऱ्यानं गच्च बांध. त्यांच्या तोंडाला तुटत नाय."

लगेच कळंबोलीला जाऊन पिशवीभर आतडी आणली. घरी बायकोने, चिंधीने, पिशवी उघडली आणि नाकाला पदर लावला. "मासं आनायला जाता, का कोंबड्यांचं तेरावं घालायला?" बायको अशी बोलते, मग माणसाने आशेने जायचं कसं!

१२ नोव्हेंबर

आतडी चांगली. तुटत नाही. पण बारके झोंबतात, ओढतात, दोरा ढिला करतात. टुक टुक चालूच. दोरी हलकी आहे, सावकाश खाली जाते, तेवढ्यात वाटेतच लूट होते. शिवाय कडेला शेवाळ. घसरलो तर? कपारीत साप असला तर? चप्पल बदलायला हवी.

१४ नोव्हेंबर

रूपेश कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनवर असतो. त्याच्याकडून मोठा नट मागून घेतला, दोरीला वजन म्हणून. तो म्हणाला, "बाबा, यानं मासा गळाला नाय लागनार. डोक्यात लागून मरंल!"

पण नट कामाचा! सोडला की सरळ तळाला. वाटेत कुणाला तोंड लावायला वेळच नाही. तळाला गेल्यावर मात्र परत टुक टुक. तिथेही पोचतात मेले.

घरी आलो तर दिपा रूपाला तेल चोळत होती. पोरगी हात-पाय नाचवत होती. मला बघून दिपाने तिला पदराखाली घेतलं. नंतर भांडी घासताना फार आपटली.

१५ नोव्हेंबर

चिंधीने जेवताना सांगितलं. "सून काय म्हनते ठावं हाय? नातू झाला नाय म्हनून म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं."

मी! मुलगी झाल्याचा रूपेशचा फोन आला तेव्हा वाडीभर गूळ वाटला मी. शेजाऱ्याच्या बैलालासुद्धा दिला. आणि मी तोंड फिरवीन?

पण बोललो नाही. बोललो असतो तर हात दाखवावा लागला असता. घरचे म्हणाले असते, बघा, हा पण बापाच्या वाटेने चालला. मग पोरीला कुणी माझ्याजवळ फिरकूही दिली नसती.

वाम आणून दिली की दिपाला आपोआप कळेल.

१७ नोव्हेंबर

सुदामची नवी युक्ती. बारक्यांना हाकलायचं नाही, जेवायला घालायचं! शिळा भात घेऊन गेलो. त्याने तो वरच्या अंगाला, उथळ पाण्यात मुठीमुठीने टाकला. सगळी चिलापी तिकडे. पाणी नुसतं खदखदायला लागलं. इकडे खोल डोहात एक नाही. आम्ही त्यांच्यातलीच एक पकडून, मारून, अख्खी गळाला बांधली. एवढा घास फक्त मोठ्या तोंडात जाणार. नट सोडला. तळाला टेकला.

थोड्या वेळाने टुक. टुक टुक.

"आली!" मी ओरडलो. सुदामने दोरी आपल्या बोटावर घेतली. डोळे मिटले. "काय नाय."

परत मी घेतली. टुक टुक टुक! "हे बघ, आता!"

त्याने दोरी वर ओढली. आमिष जसंच्या तसं. एक खवला हललेला नाही.

सुदाम आमिषाकडे बघत राहिला, मग माझ्या हाताकडे. मी हात खिशात घातला. तो म्हणाला, "देवजी, कधीपासून हाय हे?"

मी दोरी, पिशवी सगळं तिथेच टाकून घरी आलो.

१८ नोव्हेंबर

गेलो नाही.

१९ नोव्हेंबर

सुदाम माझी दोरी गुंडाळून घरी घेऊन आला. चिंधीसमोर काही बोलला नाही, तेवढी अक्कल आहे. अंगणात गाठून म्हणाला, "उद्या दवाखान्यात जायचं. मी येतो संगती." म्हटलं, डॉक्टर काय सांगणार, बाचं झालं तेच. तर म्हणतो, "तुला सगलं ठावं हाय, मग तूच हो ना डॉक्टर! आमची पन नाडी बघ."

आधारकार्ड कुठे ठेवलंय?

२० नोव्हेंबर

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. रूपेशच्या वयाच्या. "काका, हात मांडीवर ठेवा." ठेवले. थांबले! "आता समोर धरा." हलले. कागदावर गोल गोल काढायला लावलं. माझा गोल म्हणजे वेडीवाकडी जिलेबी. पाण्याचा पेला एका हातातून दुसऱ्या हातात द्यायला लावला. सांडला. लाज वाटली.

त्या म्हणाल्या, "तुम्ही घाबरताय तो मोठा आजार मला तरी दिसत नाही. काही धरलं की हलतं, सोडलं की थांबतं. काही घराण्यांत असतं असं. गोळी देते. पूर्ण नाही जाणार, पण कमी होईल."

म्हटलं, बाई, माझा बा यातच गेला.

"कितव्या वर्षी गेले?"

"ऐंशी उलटल्यावर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुमचं वय?"

"सदुसष्ट."

सुदाम इतक्या जोराने हसला की बाहेरची माणसं आत डोकावली. मलाही हसू आलं. ऐंशी! हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बा म्हटलं की मला फक्त तो सांडलेला घास आठवायचा.

तरी महिन्याने परत दाखवायला बोलावलं आहे. का बोलावलं असेल?

२३ नोव्हेंबर

गोळी घेतली की जरा झोप येते. कप कमी हलतो — का मला तसं वाटतं?

सुदाम म्हणतो, दोरी हातात धरायचीच कशाला? बांबूच्या शेंड्याला बांधायची. "शेंडा थरथरला तर बारके. वाकला तर वाम. तुझ्या बोटाला इचारायचंच नाय."

बरोबर आहे.

२६ नोव्हेंबर

मिळाली! मिळाली! दुपारी वर भात टाकला, खाली नट सोडला, बांबू दगडांत खोचला आणि लांब बसलो. शेंडा अगदी स्वस्थ. मग एकदम वाकला, पाण्याला टेकला! दोघांनी ओढली. माझ्या हातभर लांब, मनगटाएवढी जाड, काळी. सुदाम चिखलात बसला आणि वाम त्याच्या मांडीवर. शिव्या कुणाला देत होता कोण जाणे.

उद्या मार्गशीर्षातला गुरुवार, दिपाचा उपास. म्हणून आजच शिजवली. दिपा दोन वाट्या कालवण प्यायली. मग खाली बघून म्हणाली, "बाबा, एवढं माझ्यासाठी केलंत. मग हिला का नाय घेत?"

मी हात पुढे केला. तिच्यासमोर, चिंधीसमोर, रूपेशसमोर. हलत होता. म्हटलं, म्हणून. पडली तर?

आधी दिपाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ राग. "आनि मी रोज रडत होते! नदीवर काय जात होतात? घरात तोंड नव्हतं का सांगायला?"

चिंधी म्हणाली, "त्यांचं तोंड फक्त कोंबड्यांची आतडी आनायला उघडतं."

२८ नोव्हेंबर

नळाला पाणी आलं. दिपाने काही न विचारता रूपाला माझ्या हातांवर ठेवलं आणि हंडा घेऊन पळाली! मी भिंतीला पाठ लावून खालीच बसलो. हात थरथरत होते. पोरगी आधी रडली, मग त्या हलण्याने गप्प झाली, मग झोपली. गाढ. दिपा परत आली, घ्यायला वाकली, आणि तशीच मागे सरली. हळूच म्हणाली, "पाळन्यात कधी अशी निजत नाय. बाबा, आजची गोळी ती उठल्यावर घ्या."