तुझ्या नावाची खोली

प्रिय प्रशांतदादा,

काल मी सरांना, आपल्या गाइडना, ढकललं. दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून, भरल्या सभेत. ते समईवर पडले, टेबल उलटलं, तुझ्या फोटोची काच फुटली. उद्या मला विभागाच्या समितीसमोर बोलावलंय, सरही तिथे असणार. लेखी माफी दिली तर ‘मानसिक संतुलन ढळल्यामुळे हे घडले’ असं म्हणून सोडून देतील, नाही दिली तर माझी पीएचडीची नोंदणी रद्द. माफीचा मजकूरही त्यांनीच टाइप करून पाठवलाय, मी फक्त सही करायची. तो कागद बाजूला सारून मी तुला लिहायला बसले आहे, कारण हा राग दुसऱ्या कुणाला दाखवला की ते मला आधी पाणी प्यायला सांगतात.

तू गेलास त्या दिवशी पोलिसांनी तुझ्या फोनवरचा शेवटचा नंबर लावला, तो माझा होता. मी वाघोलीला पोचले तेव्हा डंपर तसाच आडवा उभा होता. तुझी गाडी त्याच्या चाकाखाली, चपटी. आणि रस्ताभर लग्नपत्रिका! हळदीकुंकवाची बोटं लावलेल्या, सरांच्या मुलीच्या लग्नाच्या. लोक त्यांच्यावरून चालत होते. काही पत्रिकांवरचं लाल कुंकवाचं नव्हतं, दादा. मी खाली बसून त्या गोळा करत राहिले. का करत होते, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझा प्रबंध संपत आला होता रे! यवतमाळकडच्या तुझ्या गावातली पोरं हसताना तोंडावर हात का धरतात, त्यांचे दात पिवळे का पडतात, हे शोधायला तू विहिरीविहिरींचं पाणी तपासत फिरलास. सगळं हाताशी आलं आणि तू पत्रिका वाटायला निघालास? ‘नाही’ म्हणताना तुझी जीभ झडली असती का?

‘सर घरचं समजतात,’ म्हणायचास. घरचं! मंडईतून त्यांची भाजी तू आणायचास, त्यांच्या आईला दवाखान्यात तू न्यायचास. लग्नात या घरच्या माणसाला कुठल्या पंगतीला बसवणार होते, विचारलं होतंस कधी? आणि सगळ्यात भयंकर म्हणजे आम्हाला तुझा हेवा वाटायचा. आपल्या विभागात ज्याला सर भाजी आणायला सांगतात, त्याचं काम लवकर होणार असं आम्ही धरूनच चालायचो.

तुझी ती तालीम आठवते? सदाशिव पेठेतल्या तुझ्या कॉट बेसिसच्या खोलीत, प्रेझेंटेशनच्या आधी तू आम्हाला एकेकाला उभं करायचास. स्वतः सर व्हायचास. टेबलावर मूठ आपटायचास, आमचं प्रकरण भिंतीवर भिरकावायचास. ‘हे काय लिहिलंय? भजी गुंडाळायला तरी चालेल का?’ आवाजसुद्धा हुबेहूब त्यांचा. मी पहिल्यांदा ढसाढसा रडले, तेव्हा तू सर व्हायचं सोडून माझ्याजवळ आलास. ‘काहून रडून राहिली बे? इथंच रडून घे. तिथं रडली तर तो मानुस खुश होते.’ मग पातोडीचा जहाल रस्सा केलास आणि आम्हाला पोटभर खायला घातलंस. तू नसतास तर आमच्यातले निम्मे पहिल्या वर्षीच घरी गेले असते. हे मी कुणाहीसमोर सांगेन.

पण आता तुझ्याशीच भांडायचं आहे. आम्हाला मार सोसायला शिकवलंस, तो अंगाला लागू नये म्हणून जाड कातडं दिलंस. मारणाऱ्याला थांबवायचं का नाही शिकवलंस? की ते तुलाही येत नव्हतं?

तुझ्यामागे तालमीतली सरांची जागा मी घेतली. तुझी परंपरा, म्हटलं चालवावी! परवा सायली आली होती. पहिल्या वर्षाला आहे, तू तिला पाहिलं नाहीस. मी सर झाले, ओरडले, तिचे कागद तिच्या तोंडावर फेकले. कागदाची कड लागून तिच्या गालावर ओरखडा उठला, रक्त आलं. आणि ती काय म्हणाली माहितीये? ‘थँक्यू ताई.’ थँक्यू! त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे काल, विभागात तुझ्या नावाच्या खोलीचं उद्घाटन होतं. ‘प्रशांत संशोधक आधार कक्ष.’ आत एक बीन बॅग आहे, एक मनी प्लांट आहे आणि भिंतीवर हसरा सूर्य. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे, आता मोडकी माणसं ठेवतील. फीत कुणी कापली असेल? ओळख पाहू!

सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण मी म्हणे शुद्ध बोलते. पहिल्या रांगेत तुझी आई. एसटीने आली होती, नवं लुगडं नेसून. सर म्हणाले, ‘प्रशांत मला मुलासारखा होता. फील्डवर्कला जाताना, ज्ञानासाठी, त्याने देह ठेवला.’ तुझी आई मान डोलवत होती, दादा. अभिमानाने! ते मला बघवेना. भाषण संपवून सरांनी माइक माझ्याच हातात दिला. मी म्हटलं, ‘काकू, तो फील्डवर्कला गेला नव्हता. सरांनी त्याला त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला पाठवलं होतं.’

सरांनी माझा दंड धरला. नखं रुतली, वळ अजून आहेत. दात आवळून म्हणाले, ‘खाली उतर, तमाशा नकोय.’ तेव्हा मी ढकललं. आणि खरं सांगू? बरं वाटलं. त्यांच्या जाकिटावरून तेल ओघळत होतं ते बघून फार बरं वाटलं.

तुझी आई उठून मंचावर आली. आधी माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने माझ्या कानाखाली वाजवली. ‘येवढे दिवस काहून नाही सांगतलं मले?’ मग ती सरांकडे वळली. ते रुमालाने तेल पुसत होते. शेजारणीला विचारावं तितक्या साध्या आवाजात तिने विचारलं, ‘मंग? झालं का लगन चांगलं?’

सर तेल पुसतच राहिले. तेवढ्यात कुणीतरी माइक बंद केला आणि चहा घेऊनच जावं अशी सगळ्यांना विनंती केली. आपल्या विभागाचं आदरातिथ्य तुला माहीतच आहे!

माफी दिली की मला समुपदेशन मिळणार आहे. तुझ्याच नावाच्या खोलीत! पहिली लाभार्थी मीच.

तुझी आई सध्या आमच्याकडे आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘वा! इतकी वर्षं घासलीत, आता एका धक्क्यात सोडा. आपण फारच शूर आहात.’ नंतर बराच वेळ पेपर वाचत असल्याचं सोंग केलं आणि विचारलं, ‘उद्या किती वाजता सोडू दोघींना?’

हो, दोघींना. ‘मी येतो तुह्यासंग,’ म्हणाली ती. हट्टाने तुझी आई शोभते!

दादा, रागावू नकोस, पण ती तालीम मी बंद केली. सायलीला सकाळीच सांगितलं. तिच्यावर कुणी कागद फेकला, तर तिने मला हाक मारायची. मी जाईन, नोंदणी राहो न राहो. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पीएचडीची चार वर्षं काही थोडी नसतात. पण उद्या मी सही करणार नाही, हा तुला शब्द. तुझी आई तिचा प्रश्न पुन्हा विचारेल. सरांनी उत्तर देईपर्यंत मी दाराला पाठ लावून उभी राहीन आणि एकालाही बाहेर जाऊ देणार नाही.

तुझी,
केतकी